त्रेसष्ट मूलद्रव्यं आणि एक मास्तर

आपल्या केमिस्ट्री लॅबमध्ये फळ्याशेजारी आवर्तसारणीचा जो तक्ता टांगलाय, त्याचे कोपरे फाटलेत आणि खालच्या दोन ओळींवर कुणीतरी बॉलपेनने बदाम काढून ठेवलाय. फर्स्ट इयरच्या व्हायवाला सगळ्यांचे डोळे तिकडेच वळतात, म्हणून सर मुलाला मुद्दाम पाठमोरं उभं करतात. तो तक्ता जणू वरूनच छापून आला आणि आपण फक्त पाठ करायचा, असं आपण धरून चालतो. पण तो एका मास्तराच्या अडचणीतून निघाला. अडचणही आपल्या ओळखीची. पोर्शन प्रचंड, लेक्चर मोजकी, आणि कुठला धडा कुठल्या धड्यानंतर घ्यायचा याचा पत्ता नाही!

त्या मास्तराचं नाव दिमित्री इवानोविच मेंडेलीव्ह. जन्म ८ फेब्रुवारी १८३४, सायबेरियातल्या तोबोल्स्क गावी. मोठ्या खटल्यातलं हे शेंडेफळ. वडील तिथल्याच शाळेचे मुख्याध्यापक, पण दिमित्री जन्मला त्याच वर्षी त्यांची दृष्टी गेली आणि नोकरी सुटली. मग आईने, मारिया दिमित्रियेव्हनाने, पदर खोचला. माहेरच्या मालकीचा काचेचा एक कारखाना जवळच्या खेड्यात पडून होता, तो तिने चालवायला घेतला. वाळू आणि क्षार भट्टीत घालायचे आणि बाहेर काढायची काच. पदार्थ बदलतो म्हणजे काय, हे या मुलाने पुस्तकाच्या आधी भट्टीपाशी पाहिलं.

१८४७ मध्ये वडील गेले. पुढच्याच वर्षी कारखाना जळाला. दुसरी कुणी असती तर मुलाला कुठेतरी कारकुनीला चिकटवून मोकळी झाली असती. या बाईने १८४९ मध्ये उरलंसुरलं गोळा केलं, धाकटा मुलगा आणि एक मुलगी बरोबर घेतली आणि घोडागाडीने मॉस्को गाठलं. अंतर सुमारे दोन हजार किलोमीटर, आणि सायबेरियात रेल्वे यायला अजून चाळीस वर्षं होती. मॉस्कोच्या विद्यापीठाने सांगितलं, तुमचा विभाग कझानचा, इथे प्रवेश नाही. (डोमिसाइलचा दाखला, सेतू कार्यालय, शेवटची तारीख... आपल्याला हे समजावून सांगायला नको!) मायलेकरं तिथून सेंट पीटर्सबर्गला गेली. तिथे १८५० मध्ये मुख्य अध्यापन संस्थेत मुलाला प्रवेश मिळाला. वडीलही तिथलेच विद्यार्थी. प्रवेश झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आई वारली. नंतर १८८७ मध्ये मेंडेलीव्हने द्रावणांवरचा आपला मोठा ग्रंथ तिलाच अर्पण केला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. तो शिकला ती संस्था शास्त्रज्ञ नव्हे, शाळामास्तर तयार करणारी होती, आपल्याकडच्या बी.एड. कॉलेजसारखी. १८५५ मध्ये सुवर्णपदक घेऊन तो बाहेर पडला. रक्त पडत होतं, डॉक्टरांनी क्षय सांगितला, म्हणून उबेच्या दक्षिणेकडे क्रिमियात सिंफेरोपोलला शाळेत नेमणूक झाली. तिथे युद्ध चालू, शाळा बंद. मग ओडेसाच्या शाळेत शिकवलं. क्षय काही निघाला नाही, आणि १८५६ मध्ये गडी परत पीटर्सबर्गला हजर. पुढे तो कितीही मोठा झाला तरी त्याच्यातला मास्तर गेला नाही, असं मला त्याच्याबद्दल वाचताना सारखं वाटत राहिलं.

त्या काळातलं केमिस्ट्रीचं पुस्तक उघडलं असतं तर आपल्याला घेरीच आली असती. अणुभार प्रत्येकाचे वेगळे. ऑक्सिजन कुणाकडे ८, कुणाकडे १६. त्यामुळे पाण्याचं सूत्रसुद्धा एक नाही. केकुले या जर्मन प्राध्यापकाने १८६१ च्या आपल्या पुस्तकात निव्वळ अॅसेटिक अॅसिडची, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाची, चलनात असलेली १९ सूत्रं छापली होती! परीक्षेत त्यातलं कुठलं लिहायचं? हा गोंधळ मिटवायला सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहला युरोपभरच्या रसायनतज्ज्ञांची परिषद भरली. मेंडेलीव्ह तेव्हा शिष्यवृत्तीवर जवळच हायडेलबर्गला होता, म्हणून गेला. तिथे इटलीच्या कानिझारोने मूलद्रव्यांचे अणुभार एकाच मापाने कसे ठरवायचे ते मांडलं. मेंडेलीव्ह हे आकडे घेऊन मायदेशी परतला. आकडे खिशात होते, पण त्यांचं करायचं काय, हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढची काही वर्षं भराभर सांगतो. १८६१ मध्ये कर्बी रसायनशास्त्राचं पाठ्यपुस्तक काही महिन्यांत लिहून काढलं, त्याला देमिदोव्ह पारितोषिक मिळालं. १८६४ मध्ये तंत्रशिक्षण संस्थेत प्राध्यापक झाला, म्हणजे आपल्या जातकुळीचा. १८६५ मध्ये अल्कोहोल आणि पाणी यांच्या मिश्रणावर डॉक्टरेट केली. व्होडकाचं चाळीस टक्क्यांचं प्रमाण त्यानेच ठरवलं अशी एक गोष्ट सांगितली जाते. हॉस्टेलमधल्या काही अभ्यासू मंडळींची निराशा होईल, पण ती दंतकथा आहे. ते प्रमाण रशियात त्याच्या प्रबंधाआधीपासून होतं.

१८६७ मध्ये तो पीटर्सबर्ग विद्यापीठात सामान्य रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि इथून आपली खरी गोष्ट सुरू होते. समोर पहिल्या वर्षाची पोरं, शाळेतून नुकतीच आलेली. त्यांच्या हातात देण्याजोगं चांगलं रशियन पुस्तक नाही. म्हणून त्याने स्वतःच लिहायला घेतलं. नाव, रसायनशास्त्राची मूलतत्त्वं.

सुरुवात त्याने मूलद्रव्यांची यादी देऊन केली नाही. आधी पाणी, मग पाण्यातून निघणारे हायड्रोजन आणि ऑक्सिजन. मग हवा आणि तिच्यातला नायट्रोजन. मग कोळसा, म्हणजे कार्बन. मग जेवणातलं मीठ, आणि मिठातून क्लोरीन व त्याचे भाऊबंद ब्रोमीन, आयोडीन. रोजच्या हातातली वस्तू घ्यायची, ती फोडायची आणि आत काय आहे ते बघायचं. फार सुंदर रचना आहे ही.

आणखी एक भेद तो विद्यार्थ्यांपुढे आग्रहाने मांडायचा, आणि तो मला आपल्याकडच्या शालेय पुस्तकांपेक्षा जास्त पटला. साधा पदार्थ वेगळा आणि मूलद्रव्य वेगळं. कोळसा हा एक साधा पदार्थ, हिरा हा दुसरा, ग्राफाइट तिसरा. तिन्ही दिसायला, वजनाला, कठीणपणाला निराळे. कार्बन हे मूलद्रव्य मात्र या तिघांतही आहे आणि आपण श्वासावाटे सोडतो त्या वायूतही आहे. साधा पदार्थ हातात धरता येतो. मूलद्रव्य धरता येत नाही, ते एका संयुगातून दुसऱ्यात जाताना टिकून राहतं एवढंच.

याचा प्रत्यय मला मागच्या डिसेंबरमध्ये एन.एस.एस. कॅम्पला आला. सातवीच्या वर्गाला आम्ही द्रव्याचं वर्गीकरण शिकवायला गेलो होतो. टेबलावर मीठ, साखर, खिळा, तांब्याची तार, लाकडी कोळसा, पितळेची घंटी, पेन्सिल आणि रिकामी दिसणारी बाटली मांडली. पुस्तकातल्या व्याख्या सांगण्याआधी मुलांनाच गट पाडायला लावले. एका गटाने स्वयंपाकघरातलं आणि बाहेरचं असे दोन ढीग केले. दुसऱ्याने जड आणि हलकं. रिकाम्या बाटलीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, हवा ही वस्तू आहे हे मान्य करायलाच दहा मिनिटं गेली. पितळेवरून भांडण झालं, कारण दिसायला एकजिनसी पण आत तांबं आणि जस्त दोन्ही. एका मुलीने मात्र कोळसा आणि पेन्सिल शेजारी ठेवली. कारण विचारलं तर म्हणाली, दोन्हींनी हात काळे होतात आणि दोन्हींनी भिंतीवर लिहिता येतं. आता आपण मराठीत पेन्सिलीतल्या कांडीला शिसं म्हणतो, आणि शिसं तर धातू! नाव धातूचं, पण आत ग्राफाइट आणि माती. त्या पोरीने नावाकडे दुर्लक्ष केलं आणि कार्बनला कार्बनशेजारी बसवलं. तिच्या वहीत मी बरोबरची खूण केली, आणि व्याख्या दुसऱ्या दिवशी सांगितल्या.

मेंडेलीव्हपुढे हाच खेळ होता, फक्त टेबलावर ६३ वस्तू. तेवढी मूलद्रव्यं तेव्हा माहीत होती. पहिला खंड संपत आला तेव्हा त्यातली जेमतेम आठ उरकली होती. म्हणजे दुसऱ्या खंडात पंचावन्न कोंबायची! आठाला एक खंड आणि पंचावन्नाला एक खंड. सबमिशनच्या आदल्या रात्री आठ प्रॅक्टिकल लिहून झालेली आणि पंचावन्न बाकी अशी कल्पना करा. एकेकाला प्रकरण देणं शक्यच नव्हतं. काहीतरी सूत्र सापडल्याशिवाय पुस्तक पुढे सरकत नव्हतं.

गट पाडायचे तर कशावरून? धातू-अधातू ही जुनी वाटणी फारच ढोबळ होती. रंग, वास, चव यांवर भरवसा नाही. डोबेरायनरने तीन-तीनची त्रिकुटं लावली होती. इंग्लंडमध्ये न्यूलँड्सने १८६५ मध्ये अणुभाराच्या क्रमाने दर आठव्या मूलद्रव्याला गुण पुन्हा येतात असं मांडलं आणि त्याची थट्टा झाली. मेंडेलीव्हने मिठापाशी थांबलेला धागा उचलला. मिठात क्लोरीन आहे तसं सोडियमही आहे. क्लोरीनचं कुटुंब झालं, तर पुढे सोडियमचं कुटुंब घ्यावं. दोन्ही कुटुंबं एकाखाली एक लिहून अणुभार पाहिले. क्लोरीन ३५.५, पोटॅशियम ३९. ब्रोमीन ८०, रुबिडियम ८५.४. आयोडीन १२७, सीझियम १३३. स्वभावाने दोन टोकांची ही कुटुंबं अणुभारात मात्र दर वेळी शेजारी-शेजारी! मग त्यांच्या वर-खाली बाकीची कुटुंबं बसतात का ते पाहायचं.

तो दिवस १ मार्च १८६९ चा (रशियाच्या जुन्या पंचांगाने १७ फेब्रुवारी). खरं तर त्या दिवशी त्याला गावोगावच्या चीज बनवणाऱ्या सहकारी संस्थांची पाहणी करायला निघायचं होतं. त्यासंबंधीचं पत्र टेबलावर होतं. त्याच पत्राच्या पाठीमागे त्याने अणुभारांची आकडेमोड केली. त्या कागदावर कपाचा गोल डाग आजही दिसतो म्हणतात. पत्त्यांसारखी कार्डं मांडली, स्वप्नात तक्ता दिसला, अशा गोष्टी पुढे पसरल्या. पण उरलेल्या कच्च्या कागदांवर भरपूर खाडाखोड आहे. स्वप्नात दिसलेल्या गोष्टीला एवढी खाडाखोड लागत नाही, असं आपलं माझं मत. त्याने तक्ता छापायला दिला, १५० प्रती रशियन आणि ५० फ्रेंच, आणि स्वारी चीज तपासायला गेली. मार्चमध्ये रशियन रसायन सभेपुढे तो तक्ता वाचला त्याच्या सहकाऱ्याने, मेन्शुत्किनने. स्वतः लेखक गैरहजर. प्रॉक्सी!

नुसती रांग लावणं फार मोठी गोष्ट नव्हती. जर्मनीत लोथार मायरही जवळपास त्याच ठिकाणी पोहोचला होता, आणि १८८२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने डेव्ही पदक दोघांना मिळून दिलं ते योग्यच झालं. मेंडेलीव्हचं वेगळेपण त्याच्या हट्टात आहे. बेरिलियमचा अणुभार लोक १४ धरत होते. तो खरा मानला तर ते नायट्रोजनच्या जागेवर जाऊन बसतं. गुण मात्र मॅग्नेशियमच्या घरचे. याने ठरवलं की आकडाच चुकलाय, तो ९ च्या आसपास हवा. इंडियम ७६ वरून ११३ वर नेलं. युरेनियम १२० वरून थेट दुप्पट, २४० केलं. हे आकडे पुढे बरोबर ठरले.

आणि जिथे योग्य मूलद्रव्य सापडेना तिथे त्याने पुढचं मागे ओढलं नाही. जागा रिकामी ठेवली! विद्यार्थ्यांसाठी करायच्या तक्त्यात प्रश्नचिन्हं छापायची हिंमत किती जणांना होईल? आपल्या जर्नलमध्ये एक रीडिंग रिकामं राहिलं की आपण शेजारच्याचं बघून भरतो. १८७१ मध्ये तर त्याने त्या रिकाम्या जागांमध्ये राहायला येणाऱ्या भाडेकरूंची वर्णनंच लिहून टाकली. नावं दिली एका-अॅल्युमिनियम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन. हे ‘एका’ म्हणजे आपलं संस्कृतमधलं एक. एक घर सोडून खालचा. दोन घरांसाठी द्वि, तीनसाठी त्रि. पीटर्सबर्गच्या अकादमीने १८५५ ते १८७५ या काळात संस्कृत-जर्मन महाकोश छापला, तेव्हा संस्कृत त्या शहराला परकं नव्हतं. त्यावरून सगळी आवर्तसारणीच पाणिनीकडून आली असे मेसेज फॉरवर्ड होतात, त्याला पुरावा नाही. तीन आकडे मात्र नक्की आपले, आणि मला तेवढा अभिमान पुरतो.

१८७५ मध्ये फ्रान्समध्ये ब्वाबोद्राँला गॅलियम सापडलं. तेच एका-अॅल्युमिनियम. त्याने घनता मोजली, ४.७. मेंडेलीव्हने कळवलं की नमुना शुद्ध नसावा, ती ५.९ च्या आसपास यायला हवी. विचार करा, मूलद्रव्य ज्याने हातात धरलंय त्याला, ते कधीच न पाहिलेला माणूस सांगतोय की तुझं रीडिंग चुकलं! नमुना पुन्हा शुद्ध केला, घनता ५.९ आली. १८७९ मध्ये निल्सनने स्कँडियम शोधलं, म्हणजे एका-बोरॉन. १८८६ मध्ये जर्मनीत विंक्लरला जर्मेनियम मिळालं. एका-सिलिकॉनचा अणुभार मेंडेलीव्हने ७२ सांगितला होता, विंक्लरला ७२.३ मिळाला. घनता ५.५ सांगितली होती, ५.४७ आली. ऑक्साइडची ४.७ सांगितली होती, ती ४.७ च निघाली.

सगळंच बरोबर आलं असं नाही, हेही सांगायला हवं. टेलुरियम आयोडीनपेक्षा जड निघत होतं, आणि गुणांप्रमाणे त्याला आधी बसवावं लागत होतं. इथेही आकडाच चुकीचा असणार असं तो धरून बसला. पण आकडा बरोबर होता. खरी ओळ अणुभाराची नसून अणुक्रमांकाची आहे, हे मोज्लीने १९१३ मध्ये दाखवलं. १८९५ मध्ये आर्गॉन जाहीर झाला तेव्हा त्याला तो नायट्रोजनचाच तीन अणूंचा प्रकार वाटला. पुढे त्या वायूंना त्याने सारणीत वेगळा रकाना दिला. इलेक्ट्रॉन आणि किरणोत्सार त्याला शेवटपर्यंत पचले नाहीत.

वर्गात मात्र तो राजा होता. दाढी-केस वाढलेले, आवाज कधी खाली कधी वर, आणि हॉल खचाखच. इतर शाखांचीही पोरं येऊन बसत. मुलींसाठीच्या उच्च वर्गांनाही तो शिकवायचा, तेही त्या काळात. १८८७ च्या सूर्यग्रहणाला बलून पावसाने भिजून जड झालं, दोघांना उचलेना, तर चालकाला खाली उतरवून हा एकटाच वर गेला! बलून चालवायचा अनुभव शून्य. घरचं आयुष्य वादळी होतं, १८८२ मध्ये घटस्फोट आणि दुसरं लग्न. धाकट्या संसारातली मुलगी ल्युबोव्ह पुढे कवी अलेक्सांद्र ब्लोकची बायको झाली.

त्याला मोजावी लागलेली खरी किंमत विद्यार्थ्यांपायी होती. १८८० मध्ये शाही विज्ञान अकादमीने त्याला सदस्यत्व नाकारलंच होतं. १८९० मध्ये विद्यापीठात पोरांचं आंदोलन पेटलं. मेंडेलीव्हने त्यांना शांत केलं आणि त्यांचं निवेदन शिक्षणमंत्र्यांकडे पोहोचवायचं कबूल केलं. तो राजकारणी नव्हता, झारविरोधी तर मुळीच नव्हता. शब्द दिला होता, म्हणून कागद घेऊन गेला. मंत्र्यांनी तो परत पाठवला, सरकारी नोकराने असले कागद स्वीकारू नयेत अशा अर्थाचा शेरा मारून. मेंडेलीव्हने राजीनामा दिला. तीस वर्षांहून जास्त शिकवलेलं विद्यापीठ एका निवेदनापायी सुटलं. जगातला नावाजलेला रसायनतज्ज्ञ वयाच्या ५६ व्या वर्षी वर्गाविना!

१८९३ मध्ये त्याला वजन-मापांच्या मुख्य कार्यालयाचं प्रमुख केलं. तिथेही तो स्वस्थ बसला नाही. रशियात मेट्रिक मापं वापरायला १८९९ च्या कायद्याने मुभा मिळाली, त्यामागे त्याचे प्रयत्न होते. तो पुस्तकाच्या आवृत्त्या मात्र सुधारत राहिला. आठवी आवृत्ती १९०६ ची. त्याच वर्षी नोबेलच्या समितीने त्याचं नाव सुचवलं होतं, पण स्वीडनच्या अकादमीने ते फिरवलं आणि पारितोषिक फ्लोरीन वेगळं करणाऱ्या म्वासाँला गेलं. २ फेब्रुवारी १९०७ रोजी, सत्तरी ओलांडलेला मेंडेलीव्ह पीटर्सबर्गमध्ये वारला. अंत्ययात्रेत विद्यार्थ्यांनी पुढे धरला होता तो आवर्तसारणीचा मोठा फलक.

त्या फलकावरच्या सगळ्या जागा तेव्हा भरलेल्या नव्हत्या. १९५५ मध्ये अमेरिकेत बर्कलीला एक नवं मूलद्रव्य बनवलं गेलं, मोजून सतरा अणू. शीतयुद्ध ऐन भरात होतं, तरीही अमेरिकन लोकांनी त्याला या रशियन मास्तराचं नाव दिलं, मेंडेलेव्हियम. आपल्या लॅबमधल्या तक्त्यावर ते १०१ व्या घरात आहे, सगळ्यात खालच्या ओळीत. बदामाच्या जरा उजवीकडे.